जांभळं संपायच्या आत

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरात पोटाच्या औषधांवर चारशे दहा रुपये खर्च झाले. त्या वेळी हजर होतो आम्ही तिघं: मी, माझे यजमान मिलिंद, आणि ज्यांच्या पोटासाठी हा खर्च झाला ते माझे सासरे, आप्पा. धने, जिरं, बडीशेप, ओवा, सुंठ, खडीसाखर, ज्येष्ठमधाच्या काड्या आणि सब्जा, असा माल होता. मी पुड्या ओट्यावर मांडल्या. आप्पांनी एकेक उचलून हुंगली आणि म्हणाले, "वैशाली, थोड्या मिरच्या आणल्या असत्यास तर वर्षाचा मसाला झाला असता." आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कुणी मोकळेपणानं हसलं नाही.

हे आज आठवायचं कारण जांभळं. काल संध्याकाळी कामावरून परतताना बदलापूर स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणांत भरलेली जांभळं दिसली. काळीभोर, वर पाण्याचा शिपका मारलेली. विकणाऱ्या बायकांची बोटं नखांपर्यंत जांभळी झालेली. येणारी-जाणारी माणसं थांबत होती, भाव विचारत होती, एखादं तोंडात टाकून बघत होती. मी मात्र भाव न विचारताच पुढं निघाले. मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये लेस-बटणांच्या एका पेढीवर हिशेब लिहिते. बेरीज हे माझं रोजचं काम. गेल्या जांभळांच्या दिवसांत घरातली एक साधी बेरीज कुणीच केली नव्हती, मीही नाही. जांभळं दिसली की ती आठवते.

आप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण बोटांतलं काम गेलेलं नाही. बदलापुरात शिरगावच्या आमच्या इमारतीतला कुणाचाही नळ, कडी, मिक्सर बिघडला की आधी आप्पांना हाक जाते. खाण्याचे शौकीन. सुकट-बटाटा, बोंबलाचं कालवण, त्यावर कच्चा कांदा. मिरची कमी पडली तर ताटातून उठून स्वतः डबा उघडणार. एप्रिलअखेर अंबरनाथला एका हळदीला जेवून आले आणि दुसऱ्या दिवसापासून छातीच्या खाली जळजळ सुरू झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर बरं वाटलं, संपल्यावर जळजळ परत. पुन्हा दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाले, "उन्हाळा आहे. सगळ्यांचंच जळतं. घरातलं काहीतरी दे."

मग घरातलं काहीतरी सुरू झालं.

मी रात्री धने-जिरं पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी गाळून, खडीसाखर घालून द्यायची. त्या पाण्याला एक मातकट, हिरवट वास असतो. लहानपणी उन्हाळी लागली की माझी आई तेच द्यायची. आजही तो वास आला की मला शाळेची सुट्टी, दुपारची बंद खिडकी आणि पंख्याचा आवाज आठवतो. आप्पा पेला हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एका दमात संपवायचे. झोपताना गार दूध. चार-पाच दिवस बरे गेले.

पण आपल्याकडे कुणाचं पोट दुखतंय हे लपून राहत नाही. शेजारच्या इमारतीतल्या फडके काकूंनी गॅलरीतून विचारलं, "आप्पासाहेब, हल्ली फोडणीचा ठसका येत नाही तुमच्याकडून!" मी कारण सांगितलं, आणि संध्याकाळी काकू ताकाचा तांब्या घेऊन दारात. पातळ ताक, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग. "रोज दुपारी देईन. माझ्याकडे विरजण चांगलं लागतं. पण वैशाली, दूध बंद हं. ताक आणि दूध एका पोटात नको. विरुद्ध आहे ते."

दूध बंद झालं.

पेढीवर मी डबा खाताना गप्प होते म्हणून शेठच्या बायकोनं विचारलं. भाभी म्हणतो आम्ही त्यांना. सिंधी बाई, हात सैल, आवाज मोठा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीतून थादल आणून दिलं. बडीशेप, खसखस, मगज, बदाम वाटून केलेलं त्यांच्याकडचं उन्हाळ्याचं पेय. "सुन, पेट की गरमी है। ये पिला। लेकिन चाय बंद, मिर्ची बंद, तेल बंद, दाल भी बंद, दाल से गैस होती है। ससुर को बोल, भाभी ने कसम दी है।"

थादल चार दिवस पुरलं. चहा, मिरची, तेल आणि डाळ कायमची गेली.

मग आप्पांच्या थोरल्या बहिणीला कळलं. आत्या अंबरनाथला राहतात, वय बरंच, पण रिक्षातून एकट्या उतरल्या आणि उतरल्या उतरल्या भावावर ओरडल्या, "मला शेवटी सांगतोस व्हय रं?" त्यांना बेंबी बसवता येते. आप्पांना चटईवर उताणं झोपवलं. बेंबीवर कणकेची चकती, तिच्यावर छोटी पणती, आणि पणतीवर तांब्या उपडा घातला. आतली ज्योत विझली, तांब्यानं पोटाची कातडी वर ओढून धरली. आप्पा छताकडे बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते थट्टा करतील. कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं खोललेला माणूस, असल्या गोष्टींवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. पण ते एखाद्या शाळकरी पोरासारखे निमूट पडून होते, आणि आत्या सांगतील तसा श्वास धरत-सोडत होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ह्यांना नुसती जळजळ नाही, भीती वाटतेय.

"सरकली होती," आत्या तांब्या सोडवत म्हणाल्या. "आता ओवा आणि काळं मीठ चावून खा. गार काही घेऊ नको. ताक नको, केळं नको, काकडी नको. आणि दे मला काहीतरी."

"बहिणीला पैसे द्यायचे?" आप्पा म्हणाले.

"फुकट घेतलेल्या औषधाला गुण येत नाही. रुपया का असंना, दे."

आप्पांनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढून दिली. आत्यांनी ती कपाळाला लावून कनवटीला खोचली. फडके काकूंचं ताक दुसऱ्या दिवसापासून मी घ्यायची आणि गुपचूप मी आणि मिलिंद प्यायचो. नको कसं म्हणणार? बाई उन्हातून जिना चढून यायच्या.

वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडे खीर असते. बुद्धवंदना झाली, शेजारीपाजारी वाट्या गेल्या. इमारतभर वेलदोड्याचा वास. आप्पांनी आपली वाटी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि माझ्याकडे सरकवली. "दूध आहे ना यात." मी म्हटलं, "आजच्या दिवस, आप्पा. एक चमचा." ते म्हणाले, "नको. सांगितलंय ना नको म्हणून." कारखान्यात यंत्राशेजारी सूचनांचा तक्ता लावलेला असतो. त्यातलं एक जरी चुकलं तर हात जातो. आप्पा पोटाच्या बाबतीत तसेच वागत होते. जो येईल त्याचा तक्ता ते आपल्या भिंतीवर लावत गेले.

मिलिंद मोबाइलवर वाचून सांगायचे. आंबट बंद: लिंबू, टोमॅटो, कोकम, चिंच. कांदा बंद. गव्हानं फुगतं म्हणून चपाती बंद. संध्याकाळी सातनंतर काही नाही. प्रत्येक गोष्ट खरीच वाटायची. ओव्यानं त्यांना ढेकर यायचे, बरं वाटायचं. बडीशेपेच्या पाण्यानं तास-दोन तास जळजळ थांबायची. आम्हाला वाटायचं, गुण येतोय, आणखी थोडं कडक पाळायला हवं.

पण आप्पा उतरत चालले होते. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की खिडकीतून बाहेर पाहत असल्यासारखं करायचे. समोरच्या वाडीतल्या जांभळाच्या झाडावर हिरवे घोस लालसर व्हायला लागले होते. दर वर्षी पहिली जांभळं आप्पाच आणतात. सोनिवलीहून एक बाई येते, तिच्याकडूनच. घासाघीस करतात, मग ती सांगेल तेच पैसे देतात. त्या वर्षी घोसांकडे बघून ते मिलिंदला म्हणाले, "या वेळी तू आण इमारतीतल्या पोरांसाठी. आंबट आहे, मला चालायचं नाही." आणि मग, आवाज न बदलता, "सोनिवलीवालीला ओळखून ठेव. दर वर्षी तिचीच गोड असतात."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ओळखून ठेव, हे कोण सांगतं?

एका दुपारी मला सुट्टी होती. गॅलरीतून ठकठक ऐकू आली. आप्पा खाली बसून कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडत होते. खिळा गॅसवर तापवून आणला होता. जळक्या चामड्याचा वास सुटला होता. पट्ट्यावर जुन्या भोकाशेजारी त्यांनी आधीच पाडलेलं आणखी एक होतं. म्हणजे हे दुसरं. पहिलं कधी पाडलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आप्पा, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

"कशाला?"

"पट्टा कशाला लहान करताय?"

त्यांनी खिळा भोकातून उपसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमच्या पाळीत एक जण होता. सोबत डबा खायचो. त्याचं पण असंच सुरू झालं होतं. ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणायचा. सोडा प्यायचा. मग पट्टा." आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. मिलिंद रात्री म्हणायचे, "तसलं काही नसेल." मी म्हणायची, "नसणारच." आणि दोघंही जागे असायचो.

"डॉक्टरकडे गेलं की नाव कळेल," आप्पा म्हणाले. "इथं निदान ओवा तरी आहे."

मी त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "तुम्ही मशीन खोलल्याशिवाय कधी बिघाड सांगितला होता का?" त्यांनी वर पाहिलं. रागावतील असं वाटलं. पण पट्टा गुंडाळून ते म्हणाले, "चहा दिलास तर येतो."

मी चहा केला. साखर घातलेला, दुधाचा, आल्याशिवायचा. त्यांनी अर्धा कप घेतला. काही झालं नाही. म्हणजे जळजळ झाली, पण रोजच्याइतकीच.

पोटाच्या डॉक्टर बदलापूर पूर्वेलाच बसतात. तरुण बाई, बोलणं मोजकं. त्यांनी आप्पांना वजनकाट्यावर उभं केलं, पोट दाबून बघितलं, मग विचारलं, "आजोबा दिवसभरात काय काय खातात?"

मी तयारीनं आले होते. माझ्याकडे सगळं पाठ होतं. "दूध बंद केलंय. चहा बंद आहे. तिखट, तेल, डाळ बंद. ताक, केळं, काकडी बंद. आंबट बंद, कांदा बंद, चपाती बंद, संध्याकाळी सातनंतर..."

"मी काय बंद केलं ते नाही विचारलं, ताई. खातात काय?"

मी बोटांवर मोजू लागले. भाताची पेज. दुधीची उकडलेली भाजी. सकाळी धने-जिऱ्याचं पाणी. पुन्हा पेज. मी ते सांगितलं, आणि सांगताना मला माझाच आवाज लांबून येतोय असं वाटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या रकमांची बेरीज करणारी बाई मी. काकूंनी वजा केलं ते वेगळं, भाभींनी वजा केलं ते वेगळं, आत्यांनी, मिलिंदनी, सगळ्यांनी आपापलं एकेक वजा केलं, आणि ताटात उरलं काय ते कुणी पाहिलंच नाही. ताट तर रोज मीच वाढत होते.

डॉक्टर आप्पांकडे वळल्या. "आणि तुम्ही सगळ्यांचं सगळं ऐकलंत?"

"सगळे मायेनं सांगत होते," आप्पा म्हणाले. "कुणाचं मोडायचं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे बघा, उपाय एकही वाईट नव्हता. पाणी, ताक, बडीशेप, काहीही चालेल. पण एका वेळी एक, आणि पोटाला सोसेल तसं. उपाशी पोट जास्त चिडतं. वजन कदाचित न खाल्ल्यानं उतरलं असेल. पण कदाचित म्हणून मी सोडणार नाही. या वयात वजन उतरलं की आत बघावं लागतं. दुर्बिणीनं बघू."

त्या कदाचितवर आम्ही पुढचे दिवस काढले. आजही त्या दिवसांची चव मला सांगता येते. तोंड कोरडं, आणि जिभेवर बडीशेप. माझा डबा अर्धा परत यायचा. पेढीवर मी एकच पान तीनदा तपासायची. भाभी म्हणाल्या, "तुझे भी थादल लाऊँ?" मी म्हटलं, "भाभी, लाओ, पर कुछ बंद मत करवाना।" घरी आप्पा दिवसातून चार वेळा थोडं थोडं जेवायला लागले. मऊ भात, मुगाचं वरण, दूध-भाकरी कुस्करून. पहिल्या दिवशी भाकरीचा घास तोंडात घोळवत ते इतका वेळ बसले की मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

दुर्बिणीची तपासणी झाली. पोटाचं अस्तर लाल आहे, सुजलंय, असं डॉक्टर म्हणाल्या. लहानसा तुकडा तपासायला पाठवला. म्हणजे पुन्हा वाट पाहणं. रोज संध्याकाळी ढग भरून यायचे. वाडीतलं जांभूळ आता काळं झालं होतं, खाली रस्त्यावर सडा पडायचा, पोरांच्या चपलांनी इमारतीचा जिना जांभळा व्हायचा. पाऊस लागला की जांभळात अळी होते, मग कुणी घेत नाही. आप्पा गॅलरीत उभे राहून कधी झाडाकडे बघायचे, कधी आभाळाकडे. मी एकदा विचारलं, "आणू का थोडी?" म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे. मग मीच आणीन." जणू रिपोर्ट आणि जांभळं यांच्यात काही शर्यत लागली होती, आणि त्यांनी आपलं सगळं तिच्यावर लावलं होतं. मिलिंदनाही ते जाणवलं असावं, कारण ते रोज रात्री मोबाइलवर पोटाचं काही वाचायचे नाहीत, पावसाचा अंदाज बघायचे.

रिपोर्टच्या आदल्या रात्री एक सर येऊन गेली.

सकाळी मी आणि आप्पा गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाल्या, "सूज आहे. बाकी काही नाही. गोळ्या महिनाभर घ्या, मध्येच थांबवू नका, आणि जेवा." आप्पांनी विचारलं, "बाकी काही नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते नाही." आप्पांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला, पँट सुटेल की काय अशा भीतीनं धरतात तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

बाहेर रस्ता ओला होता. स्टेशनजवळच्या पुलाच्या तोंडाशी एकच टोपली उरलेली, तिच्यामागे सोनिवलीची ती बाई. आप्पांना बघून ओरडली, "काय बाबा, यंदा दिसलं नाय! मी म्हटलं म्हातारा गावाला गेला का काय!"

"इथंच होतो. शेवटची ना?"

"शेवटचीच. राती पाऊस झाला ना."

मी म्हटलं, "आप्पा, आंबट..." आणि थांबले. डॉक्टरांनी आंबटाचं काहीच सांगितलं नव्हतं. मीच सांगत होते.

"घ्या ना ताई," बाई म्हणाली, "पोटाला लई चांगलं जांभूळ. पण यावर दूध नका देऊ बरं बाबांना. आणि पाणी पण नको, लगेच. आणि दुपारचं..."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आधी त्यांचे खांदे हलले, मग माझे. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही दोघं इतकं हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की कसलं ते मला कळेना. बाई टोपलीवर हात ठेवून बघत होती. "काय चुकीचं बोलले का मी?"

"नाय गं बाई," आप्पा म्हणाले. "चार द्रोण दे."

"चार कशाला?" मी विचारलं.

"एक फडकेबाईंना, एक अंबरनाथच्या ताईला, एक तुझ्या भाभीला." मग ते ठामपणे म्हणाले, "फुकट घेतलेल्या औषधाला गुण येत नाही."

चौथा द्रोण त्यांनी तिथंच संपवायला घेतला. एकेक जांभूळ बोटांनी फोडून, आत अळी नाही ना बघून ते तोंडात टाकत होते, आणि मधूनमधून एखादं माझ्या हातावर ठेवत होते. मी पर्स उघडली, तर त्यांनी जांभळ्या बोटांनी ती मिटायला लावली. शेवटी द्रोणाचे पन्नासप्रमाणे दोनशे रुपये दिले गेले. दिले आप्पांनी, सोनिवलीच्या त्या बाईला, घासाघीस न करता.